‘कसं वाटतंय?’पाशी अडलेली थेरपी : ऑटिस्टिक मुलांसाठी मानसोपचार जुळवून घेणे म्हणजे काय

तेरा वर्षांचा एक मुलगा समुपदेशकासमोर बसला आहे, अशी कल्पना करा. गेले तीन महिने शाळेत जायची वेळ झाली की त्याला उलटी होते. बालरोगतज्ज्ञांनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळे तपासून पाहिले, त्यात काही निघाले नाही, म्हणून ‘हे काळजीमुळे होत असावे’ असे सांगून त्यांनी त्याला इकडे पाठवले आहे. समुपदेशक मायेने विचारतात, ‘‘शाळेत जायचं म्हटलं की कसं वाटतं तुला?’’ मुलगा थोडा वेळ ट्यूबलाइटकडे पाहत राहतो आणि म्हणतो, ‘‘माहीत नाही.’’ ‘‘पोटात गोळा येतो का?’’ ‘‘नाही. पोटात पोहे आहेत.’’ समुपदेशकांना हसू येते. ते का हसले, हे मुलाला कळत नाही. चार भेटी अशाच जातात आणि फाइलवर शेरा पडतो : ‘सहकार्य करत नाही.’

हा मुलगा मी केवळ समजावण्यासाठी उभा केला आहे. पण ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना तो अनोळखी वाटणार नाही. त्याचे उत्तर उर्मट नव्हते आणि विनोदीही नव्हते. विचारलेल्या प्रश्नाला त्याच्याकडे असलेले ते सर्वांत अचूक उत्तर होते, आणि अडचण उत्तरात नसून प्रश्नात होती.

ऑटिझमविषयी बातम्या येतात त्या बहुधा कारणांच्या. २०२५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा संबंध ऑटिझमशी जोडला तेव्हा आपल्याकडेही घरोघरी चर्चा झाली, आणि असा संबंध सिद्ध झालेला नाही हा जागतिक आरोग्य संघटनेचा खुलासा नेहमीप्रमाणे त्या चर्चेच्या मागे राहिला. ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांचा रोजचा प्रश्न मात्र वेगळा असतो. मूल घाबरलेले आहे, झोपत नाही, शाळेत जात नाही. त्याला मदत करायची तर ती कशी? या लेखाचा विषय तेवढाच आहे.

आधी शब्दांविषयी थोडेसे

ऑटिझम ही मेंदूच्या घडणीतली जन्मजात भिन्नता आहे. तो आजार नव्हे, आणि संगोपनातल्या चुकीमुळे तो होत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरमधल्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हापासून त्याची व्याख्या अनेकदा बदलली. आज तो दोन लक्षणसमूहांवरून ओळखला जातो : इतरांशी संवाद आणि सामाजिक देवाणघेवाण वेगळ्या पद्धतीने होणे, आणि ठरावीकपणाची ओढ, खोलवरच्या आवडी, तसेच आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांची कमी किंवा अधिक तीव्र जाणीव. ही शेवटची गोष्ट, म्हणजे संवेदनांची तीव्रता, अमेरिकी निदानपुस्तिकेच्या निकषांत २०१३ साली आली; पालकांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून कुकरच्या शिट्टीने शिकवली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात १२७ माणसांमागे सुमारे एक माणूस ऑटिस्टिक होता. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे.

मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. स्वतःत बुडालेले, बाहेरचे भान नसलेले मूल असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात यातल्या अनेक मुलांची तक्रार नेमकी उलट असते, बाहेरचे फार ऐकू येते, फार दिसते, फार टोचते. म्हणून या लेखात ऑटिझम हाच शब्द वापरला आहे.

‘थेरपी’ हा एक शब्द, कामे अनेक

‘‘आम्ही स्पीच आणि ओटी लावलंय,’’ असे पालक सांगतात तेव्हा ते भाषेसाठीच्या आणि दैनंदिन कौशल्यांसाठीच्या उपचारांविषयी बोलत असतात. त्यांची गरज असते, पण आपला मुलगा त्यासाठी आलेला नाही. त्याला चिंता आहे. ऑटिझम आणि चिंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वरचेवर एकत्र येतात : २०११ साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना निदान होण्याइतकी चिंतेची तक्रार असल्याचे दिसले. ऑटिझम घालवणारे औषध नाही, आणि त्याची गरज आहे का, हा स्वतंत्र वाद आहे. चिंता मात्र कमी करता येते. हा फरक हातातून सुटला की थेरपीचे ध्येयच चुकते आणि मुलाचा त्रास कमी करण्याऐवजी मूल ‘नॉर्मल’ दिसावे यासाठी खटाटोप सुरू होतो.

चिंतेवरचा सर्वाधिक अभ्यासलेला मानसोपचार म्हणजे संज्ञानात्मक वर्तनोपचार, बोली भाषेत सीबीटी. विचार, भावना आणि वागणे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे विचार तपासले आणि भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे गेले की भीती ओसरते, हा त्याचा गाभा. ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस ही यातली दोन मोठी नावे. एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ‘घटनेमुळे नव्हे, घटनेकडे पाहण्याच्या दृष्टीमुळे आपण अस्वस्थ होतो’ हे त्यातले सूत्र कित्येकांना तोंडपाठ असेल. ते पुढे आपल्याला अडवणार आहे, म्हणून येथे लक्षात ठेवावे.

अर्जाचा पहिलाच रकाना

सरकारी कचेरीतला अर्ज आठवा. पहिल्या रकान्यात लिहायला आपल्याकडे काहीच नसेल, तर पुढचे सगळे रकाने भरता येत असूनही खिडकीवरचा माणूस अर्ज परत करतो. सीबीटीच्या अर्जातला पहिला रकाना आहे ‘भावनेचे नाव’. दुसरा, ‘तेव्हा मनात कोणता विचार आला’. समोरासमोर बसून, डोळ्यांत पाहून, तासभर बोलत हे रकाने भरायचे असतात. बोलणाऱ्याला भावना ओळखता येते, ती शब्दांत मांडता येते, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा धीर वाचता येतो, अशा कितीतरी अटी या अर्जात न लिहिता घातलेल्या असतात. बहुतेक लोक त्या नकळत पूर्ण करतात, त्यामुळे त्या अटी आहेत हेच कोणाच्या लक्षात येत नाही. थेरपी जुळवून घेणे म्हणजे या अटी एकेक करून शोधणे आणि उपचाराचा गाभा तसाच ठेवून त्या बदलणे.

पहिल्या रकान्यापासून सुरुवात करू. स्वतःच्या भावना ओळखणे आणि त्यांना नाव देणे अवघड जाण्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. २०१९ साली झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार ऑटिस्टिक व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांमध्ये तो आढळतो. इतरांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. भावना नसतात असा याचा अर्थ नाही. छातीत धडधड होते, तळहाताला घाम येतो, पण ‘ही भीती आहे’ असा फलक लागत नाही. काहींना तर धडधडही वेळेवर जाणवत नाही, जशी भूक किंवा लघवी लागलेली जाणवत नाही. अशा मुलाला ‘कसं वाटतंय?’ विचारणे म्हणजे काटा नसलेल्या तराजूवर वजन विचारणे.

मग काटा तयार करावा लागतो, आणि तो मुलाच्या ओळखीच्या सामानातून केला तर टिकतो. आपला मुलगा बोरिवलीचा आहे आणि पश्चिम रेल्वेचे वेळापत्रक त्याला मुखोद्गत आहे असे धरू. ० ते १० आकड्यांची ‘भावनांची पट्टी’ त्याला निरर्थक वाटली, कारण चार आणि पाच यांत फरक काय, हे कोणालाच सांगता येईना. मग कागदावर चर्चगेट ते बोरिवली अशी संध्याकाळी सहाची गाडी काढली. चर्चगेट : बसायला खिडकी मिळाली आहे. मुंबई सेंट्रल : शेजारी माणूस आला. दादर : लोक आत घुसत आहेत, माझा हात दप्तरावर घट्ट आहे. वांद्रे : पोटात आंबट होते. अंधेरी : आता उतरायचे म्हटले तरी उतरता येणार नाही. प्रत्येक स्थानकाखाली शरीरात काय होते तेवढेच लिहायचे, भावनेचे नाव नाही. पुढच्या भेटीत त्याने आपणहून सांगितले की शाळेच्या फाटकापाशी दादर असते, पण बाईंच्या जागी दुसऱ्या बाई आल्या की थेट अंधेरी, मधली स्थानके लागतच नाहीत. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलाने दिलेली ही माहिती एखाद्या प्रौढ रुग्णाच्या वर्णनापेक्षा नेमकी आहे.

बोलण्याची रीत बदलणे

इंग्लंडच्या नाइस या राष्ट्रीय संस्थेने २०१३ साली ऑटिस्टिक मुलांच्या मदतीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. चिंतेसाठी सीबीटी द्यायची झाल्यास ती कशी बदलावी, हे त्यांत स्पष्ट सांगितले आहे : भावना ओळखण्याचा सराव आधी घ्यावा, लिखित आणि चित्रमय साहित्य अधिक वापरावे, मांडणी मूर्त आणि आखीव ठेवावी, मोकळ्या प्रश्नांऐवजी पर्यायांतून निवडता येईल अशा कृतिपत्रिका द्याव्यात, पालकांना सामील करून घ्यावे, मध्ये नियमित विश्रांती द्यावी, आणि शक्य असेल तिथे मुलाच्या खास आवडीचा उपयोग करावा.

कागदावर हे किरकोळ वाटते. व्यवहारात त्यामुळे खोलीच बदलते. समोरासमोरच्या खुर्च्या जाऊन दोघे टेबलाच्या एकाच बाजूला, कागदाकडे पाहत बसतात. डोळ्यांत पाहण्याची सक्ती नसते, कारण अनेक मुलांना पाहणे आणि ऐकणे ही दोन कामे एका वेळी झेपत नाहीत. गुणगुणणारी ट्यूबलाइट बंद होते. आज काय काय करायचे आहे ते फळ्यावर लिहिलेले असते आणि झालेल्या कामावर खूण होते. प्रश्न विचारल्यावर थेरपिस्ट गप्प बसतात. हे गप्प बसणे सर्वांत कठीण असावे, कारण आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपण तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. मुलाला मात्र तो नवा प्रश्न वाटतो आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो.

आणि भाषा. मराठीत भावनेचा शब्दसंग्रह जवळजवळ सगळाच अलंकारिक आहे. काळजाचे पाणी होते, डोके फिरते, जीव टांगणीला लागतो, मन मोठे करायचे असते. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाशी बोलताना हे सगळे बाजूला ठेवून ‘पोट दुखतं का, उलटी होईल असं वाटतं का, की दोन्ही नाही?’ असे विचारावे लागते. काही मुलांना उपमा उत्तम कळतात, स्वतःची तयार केलेली असेल तर विशेषच. म्हणून हा नियम नव्हे, तपासून पाहायची गोष्ट आहे.

संवाद फसण्याचा सगळा दोष ऑटिस्टिक माणसाकडे नसतो, हा विचार डेमियन मिल्टन या ब्रिटिश, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली मांडला : दोन वेगळ्या घडणीची माणसे एकमेकांना समजून घेण्यात दोन्ही बाजूंनी कमी पडतात. २०२० साली एडिंबरामधल्या संशोधकांनी आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सांगत न्यायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांनी ती इतरांइतकीच नीट पोचवली. मिश्र साखळ्यांत ती अधिक गळत गेली. पुढे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळ्यांची ही गळती दिसली नाही, पण ऑटिस्टिक माणसे माहिती पोचवण्यात कमी पडत नाहीत, हे पुन्हा दिसले. ‘सहकार्य करत नाही’ हा शेरा लिहिण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.

भीती आणि चावणारी चप्पल

आता सर्वांत नाजूक भाग. कुत्र्याची भीती असलेल्या मुलाला आधी कुत्र्याचे चित्र, मग दुरून कुत्रा, मग साखळीत बांधलेला कुत्रा असे पायरी-पायरीने नेतात. प्रत्येक पायरीवर ‘काही झाले नाही’ हा अनुभव साठतो आणि भीती उतरते. हे तंत्र ऑटिस्टिक मुलांवरही लागू पडते, जर मूळ गोष्ट भीती असेल तर.

पण मुलगा शाळेची घंटा झाली की कान झाकतो, ती भीती नसू शकते. चप्पल चावत असेल तर जास्त चालल्याने पायाला सवय होत नाही, फोड येतो. ज्या ऑटिस्टिक मुलांना आवाज आणि स्पर्श फार तीव्रतेने जाणवतात, त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जे काम झाले, त्यात याच्याशी जुळणारी गोष्ट दिसली : तोच त्रासदायक आवाज पुन्हा पुन्हा आला की इतर मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद हळूहळू मंदावतो, या मुलांचा तितका मंदावत नाही. म्हणजे ‘सवय होईल’ हा आपला नेहमीचा दिलासा येथे शरीराच्या पातळीवरच लागू पडत नाही.

म्हणून चांगला थेरपिस्ट पायऱ्या आखण्याआधी दोन याद्या करतो. वर्गात उत्तर द्यायला उभे राहणे, अनोळखी मुलाशी बोलणे, जिन्यात भेटणारे मांजर या पहिल्या यादीतल्या गोष्टी सरावाने सुटू शकतात. घंटा, डब्यांच्या वासाने भरलेला वर्ग, गणेशोत्सवातले ढोल या दुसऱ्या यादीसाठी बदल परिस्थितीत करायचा असतो : बाक घंटेपासून लांब, आवाज कमी करणारे हेडफोन, मधल्या सुट्टीत वाचनालयात बसायची मुभा. दोन याद्या एकमेकांत मिसळल्या की मुलाच्या दृष्टीने थेरपी म्हणजे मोठ्यांनी मिळून आखलेला छळ होतो आणि पुढच्या वेळी ते खोलीत पाऊल ठेवत नाही.

बोर्ड नसलेला एसटी स्टँड

ऑटिस्टिक मुलांची चिंता बहुतेकदा एखाद्या वस्तूपेक्षा ‘पुढे काय होणार’ या न कळण्याला चिकटलेली असते. आपल्याला ज्याची लिपी येत नाही अशा गावाच्या एसटी स्टँडवर उभे राहून पाहावे : गाड्या येतात, घोषणा होतात, सगळे धावतात आणि आपली गाडी कोणती हे कोणी सांगत नाही. अशा वेळी आपणही ओळखीच्या एका खांबाला धरून उभे राहतो. मुलाचा तोच रस्ता, तीच ताटली, तोच टी-शर्ट, हा तो खांब असतो.

आपल्या मुलाच्या बाबतीत खोदून पाहिल्यावर निघाले ते हे की उलटी परीक्षेच्या दिवशी होत नव्हती. ज्या दिवशी ऑफ तास असण्याची शक्यता होती त्या दिवशी होत होती. इतर चाळीस मुले ज्या तासाची वाट पाहतात, त्याच तासात कोण कुठे बसेल, किती आवाज होईल, कोण येईल याचा काहीच नियम नसतो. उपाय दोन बाजूंनी झाला. वर्गशिक्षिकेने ऑफ तासाला काय करायचे याचे कार्ड त्याला दिले, आणि थेरपीत त्याने अनिश्चितता अगदी छोट्या मात्रेत घेण्याचा सराव केला : डब्यात आज तीनपैकी कोणती भाजी आहे हे न विचारता शाळेत जायचे, आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा. नुसती पहिली बाजू सांभाळली तर मुलाचे जग आकसत जाते. नुसती दुसरी लादली तर मूल कोसळते.

विचार खरा असेल तर?

एलिस यांचे सूत्र आता आठवा. समजा मुलगा म्हणाला, ‘‘वर्गातली मुलं मला हसतात.’’ नेहमीच्या सीबीटीत हा विचार तपासायला घेतात : पुरावा काय, सगळीच मुले हसतात का, दुसरे काही कारण असेल का? मात्र ऑटिस्टिक मुलांना शाळेत चिडवणे आणि छळणे इतरांपेक्षा जास्त सोसावे लागते, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. मुले खरोखरच हसत असतील, तर त्या विचाराला अविवेकी ठरवणे म्हणजे मुलाने सांगितलेल्या वस्तुस्थितीवरच शंका घेणे होय. येथे काम विचारावर नव्हे, वर्गावर करायचे असते. विवेकनिष्ठ पद्धतीला यात मूलतः अडचण नाही, घटना वाईट असू शकते हे तीही मानते. पण घाईत असलेला थेरपिस्ट घटना पडताळत नाही, थेट दृष्टी दुरुस्त करायला घेतो.

‘हे लाड नाहीत का? बाहेरचं जग असं जुळवून घेणार आहे का?’

आजी-आजोबांकडून हमखास येणारी ही शंका रास्त आहे आणि तिला सरळ उत्तर आहे. जुळवून घेतलेली थेरपी मुलाला सवलत देऊन घरी बसवत नाही. पहिल्या यादीतल्या प्रत्येक भीतीला सामोरे जायला लावते. बदलते ती तिथवर जायची वाट. चष्मा दिल्याने मूल फळा वाचायचे टाळत नाही. आणि बाहेरचे जग जुळवून घेत नाही हे अर्धसत्य आहे : राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना वाढीव वेळ आणि लेखनिक मिळतो, तो जुळवून घेण्याचाच प्रकार आहे.

‘‘गाड्यांचं वेड आधीच डोक्यावर बसलंय, त्याला आणखी खतपाणी कशाला?’’ असेही पालक विचारतात. गाडीचा नकाशा येथे बक्षीस म्हणून आलेला नाही. ती त्या मुलाची भाषा आहे, आणि थेरपी समजणाऱ्या भाषेत द्यायची असते.

शिस्तीचा आग्रह टोकाला गेला की काय होते, याचा इतिहासही माहीत असावा. १९६०च्या दशकात अमेरिकेत इवार लोवास या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत ऑटिस्टिक मुलांचे वागणे बदलण्यासाठी विजेचे झटकेसुद्धा वापरले गेले. ते मागे पडले, वर्तनोपचार बरेच बदलले, तरी मूल इतरांसारखे दिसावे हे ध्येय अनेक ठिकाणी टिकून आहे, आणि मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक त्याविरुद्ध बोलत आहेत. माझ्या मते त्यांचे म्हणणे या विषयातल्या कोणत्याही तज्ज्ञाइतक्याच गांभीर्याने ऐकायला हवे.

पुरावा काय आहे आणि किती आहे

२०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ ते १३ वर्षांच्या १६७ ऑटिस्टिक मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत विभागणी केली होती : जुळवून घेतलेली सीबीटी, नेहमीची सीबीटी आणि परिसरात मिळतात ते इतर उपचार. दोन्ही प्रकारच्या सीबीटीने चिंता कमी झाली, आणि जुळवून घेतलेल्या सीबीटीने अधिक कमी झाली. म्हणजे नेहमीची पद्धत अगदीच वाया जाते असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

दोन मर्यादा मात्र आहेत. सुधारणा पालक आणि डॉक्टर यांच्या मोजमापात जेवढी ठळक दिसते, तेवढी मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांत दिसत नाही. आणि बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांत, बऱ्यापैकी बोलू शकणाऱ्या, बौद्धिक अक्षमता नसलेल्या मुलांवर झाल्या आहेत.

न बोलणाऱ्या किंवा थोडे बोलणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. त्यांच्यासाठी चित्रांचे फलक, दिवसाचा चित्रमय क्रम आणि परिस्थितीतले बदल हेच मुख्य साधन राहते. त्याआधी दात, कान आणि पोट तपासावे. अचानक डोके आपटू लागलेल्या मुलाची दाढ किडलेली असू शकते, आणि ‘ऑटिझममुळेच असेल’ या दोन शब्दांनी ती दाढ महिनोन्महिने दुखत राहते.

गोव्यात झालेला एक प्रयोग

तज्ज्ञ मोजके आणि मुले फार, ही आपली अडचण आहे. या दृष्टीने गोव्यातल्या संगाथ संस्थेचे काम पाहण्यासारखे आहे. मँचेस्टरमध्ये तयार झालेल्या एका पद्धतीत पालक मुलाशी खेळतात, त्याचे चित्रीकरण होते आणि नंतर थेरपिस्ट पालकांसह ते पाहतो. मुलाने कुठे हळूच खूण केली, ती पालकांनी कुठे टिपली, हे थांबून दाखवतो. ही पद्धत गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर तपासली गेली आणि ती देणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते होते. २०१६ साली आलेल्या निष्कर्षांनुसार पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळला आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. दोघांचे एकत्र लक्ष लागण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. ही चिंतेवरची थेरपी नव्हे, लहान मुलांच्या संवादासाठीची आहे. पण येथे जुळवून घेणे दोनदा झाले, एकदा मुलासाठी आणि एकदा मुलुखासाठी, म्हणून ती येथे सांगितली.

किशोरवयात काय बदलते

‘‘शाळेत काही त्रास नाही, घरी आली की दार आपटते, रडते,’’ हे वाक्य मुलींच्या पालकांकडून विशेष ऐकू येते. दिवसभर इतरांच्या हसण्याबोलण्याची नक्कल करत आपले वेगळेपण झाकणे, यालाच मुखवटा म्हणतात. तो घालणाऱ्या मुली निदानाच्या चाळणीतून निसटतात, आणि पुढे त्याचा थकवा नैराश्याच्या रूपाने बाहेर येतो. अशा मुलीला थेरपीत आणखी सामाजिक कौशल्ये शिकवणे म्हणजे मुखवट्याला दुसरा थर देणे. तिला बहुतेकदा उलट हवे असते : मुखवटा कुठे उतरवता येईल अशी एक जागा आणि दोन माणसे. ऑटिस्टिक किशोरांमध्ये स्वतःला इजा करण्याचा आणि आत्महत्येच्या विचारांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून मूल भावना दाखवत नाही याचा अर्थ ते ठीक आहे, असा घेऊ नये. या वयात पालकांना खोलीबाहेर बसवणेही थेरपीचा भाग होतो.

पहिल्या भेटीत काय विचारावे

सरकारी व्यवस्थेत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांपासून सुरुवात करता येते. खासगीत जाताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पाहावे. ‘ऑटिझम बरा करू’ म्हणणाऱ्याकडून उठून यावे. स्टेम सेल उपचारांची ऑटिझमसाठी शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडूनही २०२२ साली सांगितले गेले आहे. ध्येय काय आणि ते कोणी ठरवले, मुलाने ‘नको’ म्हटले तर तुम्ही काय करता, आणि एकूण भेटी साधारण किती, हे तीन प्रश्न थेट विचारावेत.

शेवटचा प्रश्न पैशांसाठी तर आहेच, पण मुलासाठी त्याहून जास्त आहे. थेरपी कधी संपणार हे न सांगता ती एके दिवशी थांबली, तर अनिश्चिततेशी झगडणाऱ्या मुलासाठी तो अचानक रद्द झालेल्या गाडीचा प्रकार ठरतो. आपल्या बोरिवलीच्या मुलासाठी म्हणून पहिल्याच दिवशी सोळा चौकटींचा कागद केलेला होता. बाराव्या चौकटीपासून भेटी पंधरा दिवसांनी होणार हे त्यावर लिहिले होते, आणि सोळाव्या चौकटीत, त्याच्याच अक्षरात, ‘ही गाडी पुढे जाणार नाही’.